रांजणापर्यंतचं फ्रेंच

आमच्या घरात फ्रेंच बोलणारा एकच माणूस होता आणि त्याला सही करता येत नव्हती. तो माझ्या बाबांचा चुलता. पहिल्या जर्मन लढाईत खेचरांच्या पलटणीबरोबर तो फ्रान्सात गेला, दोन हिवाळे तिथे काढून परत आला, आणि तेव्हापासून सारं नेर गाव त्याला लढाईबुढा म्हणू लागलं. आम्ही पोरं लढाईआजा म्हणायचो. मी कळती झाले तेव्हा त्याचे सगळे दात गेले होते, पण पलटणीतला लोकरी कोट शाबूत होता. तो कोट तो वैशाखातही घालायचा आणि वर म्हणायचा, "थंडी एकदा हाडात शिरली का ते निंघत नाई." दारात खाट टाकून बसायचा, तंबाखू मळायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या शेळ्यांना फ्रेंचमध्ये हाकलायचा. शेळ्या जायच्या. त्यामुळे आजाचं फ्रेंच खरं आहे याबद्दल आमच्या गल्लीत कधी कोणाला शंका आली नाही.

त्याच्याजवळ लढाईची गोष्ट एकच होती आणि तीत लढाई नव्हती. छावणीजवळ एका म्हातारीचं शेत होतं, अंगणात विहीर होती. खेचरांसाठी पाणी आणायला आजाला तिथे पाठवलं. आजा बादली घेऊन गेला आणि आपल्याकडच्या सवयीनं विहिरीपासून दहा पावलांवर उभा राहिला, कोणीतरी येऊन वरून पाणी घालील म्हणून. कोणी येईना. शेवटी म्हातारीच घरातून बाहेर आली. "तिनं दोर घेतला अन् माह्या हातात देला," आजा सांगायचा, "अन् म्हने, व्हाझी, म्हंजे जाय. म्या म्हटलं, हाकलून राह्यली बुढी. निंगालो म्या तिथून. तं माह्या कोटाले धरून वापस आनलं तिनं, अन् पुन्हा दोर हातात." इथे तो थांबायचा, तंबाखूची चिमूट ओठात ठेवायचा. मग आम्ही ठरलेला प्रश्न विचारायचो, "पाणी कसं होतं आजा?" आणि तो डोळे मिटून म्हणायचा, "साखर! नुसती साखर वं पोरी. तसं पानी ह्या मुलखात नाई." ही गोष्ट मी शंभरदा तरी ऐकली असेल. नेरच्या पाण्याला मी लहानपणापासून नावं ठेवायचे ती या गोष्टीमुळे.

मी शाळेत संस्कृत घेतलं होतं. घेतलं होतं म्हणजे त्या वर्गात बसत होते. संस्कृत शिकवणाऱ्यांना आम्ही पंडितसर म्हणायचो. माणूस तसा गोड बोलणारा, कधी कोणावर हात न उचलणारा. आमच्यावर तर नाहीच, कारण हात उचलला की तो लागतो. आम्हा चार पोरींना त्यांनी दाराजवळ बसवलं होतं. तिथे वारा छान येतो म्हणायचे. बाकीच्यांच्या वह्या टेबलावर तपासायचे. आमच्या वह्या जमिनीवर उघडून ठेवायच्या आणि ते उभ्यानं वरून बघायचे. तेवढ्या उंचीवरून विसर्ग दिसत नाहीत. म्हणून माझे विसर्ग कायम चुकलेले असायचे. पुढे आम्ही सगळे बौद्ध झालो. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी एके दिवशी पंडितसर मला हसून म्हणाले, "कमल, तुम्ही आता धर्म बदललात. मग ही देवांची भाषा कशाला हवी तुम्हाला?" अगदी मायेनं म्हणाले. मी घरी येऊन बाबांना ते जसंच्या तसं सांगितलं.

बाबा कापसाच्या जिनात बॉयलरवर कामाला होते. राग आला की ते बोलायचे नाहीत, वाफ धरून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर काजळीचे हात घेऊन ते हेडमास्तरांपुढे उभे राहिले. भिंतीवर मॅट्रिकच्या विषयांची छापील यादी होती. बाबांनी ती बोट लावून वाचली आणि विचारलं, "पाली शिकवाल का?" हेडमास्तर म्हणाले, पालीचे शिक्षक नागपूरशिवाय मिळायचे नाहीत. बाबांचं बोट खाली सरकलं. "अन् हे फ्रेंच?" "अहो, त्याचं तर नावच काढू नका. त्याला कोण आहे इथे?" बाबा म्हणाले, "आमच्या घरी आहे."

हेडमास्तर भित्रे होते, पण वाईट नव्हते. त्यांनी तोड काढली. मुलीनं घरी शिकावं. पण मॅट्रिकचा फॉर्म भरायच्या आधी शाळातपासणीचे साहेब येतील, त्यांच्यापुढे तिनं काहीतरी करून दाखवावं. साहेबांना पटलं तर दुसऱ्या भाषेच्या रकान्यात ‘फ्रेंच’ लिहू. नाही पटलं तर रकाना कोरा, आणि कोऱ्या रकान्याचा फॉर्म बोर्डात जात नाही. म्हणजे मॅट्रिक नाही. इकडे मामानं घाटंजीचं एक स्थळ आणून ठेवलं होतं. मुलगा बरा होता, त्याची किराण्याची टपरी होती, आणि त्याला चौथी पास बायको पुरत होती. "मॅट्रिक झाली तं ठीक," मामा म्हणाला, "नाई तं चैत्रात उडवून देऊ बार." माझं वय सोळा. मला मॅट्रिक व्हायचं होतं, मास्तरीण व्हायचं होतं, टेबलामागच्या खुर्चीवर बसून पोरांच्या वह्या हातात घेऊन तपासायच्या होत्या. हे मी कोणाजवळ बोलले नव्हते. पण तेवढा एक रकाना भरण्यासाठी मी काय वाटेल ते शिकायला तयार होते.

बाबांनी जिनातल्या एका मेकॅनिकला सांगून नागपूरहून फ्रेंचचं जुनं पुस्तक आणवलं. ते इंग्रजीत होतं आणि पुढची निम्मी पानं वाळवीनं खाल्लेली होती. म्हणजे सरळ वागणारी क्रियापदं सगळी वाळवीच्या पोटात गेली होती आणि आडमुठी, नियम न पाळणारी तेवढी मागे उरली होती. मला हे ठाऊक नव्हतं. मला वाटलं, फ्रेंच लोकांचं सगळंच असं असतं. त्या उरलेल्यांत पहिलंच क्रियापद होतं ‘जाणे’. त्याची सहा रूपं सहा ओळींत छापलेली होती, आणि त्यांतली काही एकमेकांची सावत्र भावंडंही वाटत नव्हती. अक्षरं पुस्तकात होती आणि आवाज आजाच्या तोंडात होता. दोघांची गाठ घालायचं काम माझं. मी विचारायची, "आजा, मी जातो, कसं म्हणायचं?" तो म्हणायचा, "ज व्हे." मी ते पुस्तकात शोधायची. "आम्ही जातो?" "नू-झालों." "मग ही सहा रूपं ओळीनं म्हण ना." यावर तो चिडायचा. "सहा-बिहा मले काही ठाऊक नाई. ज्याले जा लागे तो बोले, अन् जाये. तिथं काय कोनी खाटीवर बसून जा-जा करे का?"

आज चाळीस वर्षं मास्तरकी करून मी सांगते, भाषा शिकवण्याबद्दल याहून शहाणं वाक्य मी ऐकलेलं नाही. तेव्हा मात्र मला रडू आलं. कारण दिवाळीनंतर कापूस फुटला होता, आणि शाळा सुटली की मला मायबरोबर वेचणीला जावं लागायचं, सुट्टीच्या दिवशी पहाटेपासूनच. पाठ करायला वेळ कुठून आणायचा?

माझी माय वेचणाऱ्या बायांची मुकादमीण होती. आमची सहाजणींची टोळी. सगळ्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ओळीनं उभ्या राहायच्या. प्रत्येकीला आपली पात, म्हणजे कपाशीची तिच्या वाट्याची ओळ, मिळायची. ओटी कमरेला बांधायची, वाकायचं आणि दोन्ही हातांनी बोंडातला कापूस ओढत त्या टोकाच्या धुऱ्यापर्यंत जायचं. मायचा नियम कडक होता: आपली पात आपणच काढायची, दुसरीच्या पातीत हात घालायचा नाही. मी वेचताना पुटपुटत होते ते तिनं ऐकलं. "काय बडबडून राह्यली वं?" मी सांगितलं. सहा रूपं आहेत, लक्षात राहत नाहीत. माय कमरेवर हात ठेवून सरळ झाली, एकदा टोळीकडे बघितलं आणि म्हणाली, "सहा हाये नं? मंग आपुन कितीजनी हाओ?"

अशी माझ्या क्रियापदाची वाटणी झाली. ‘मी जाते’ माझ्याकडे. ‘तू जातोस’ माझ्या चुलतबहिणीकडे, शांताकडे. ‘तो जातो’ काशीमावशीच्या वाट्याला गेलं, तशी ती भडकली. "माह्या गयात ‘तो’ काहून बांधला? तो कुठी जाते? तो तं घरी पिऊन पडला हाये!" ‘आम्ही जातो’ अर्थातच मुकादमिणीचं, मायचं. ‘तुम्ही जाता’ हे बंजाऱ्यांच्या तांड्यावरून येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईला दिलं. तिला तिच्या भाषेत सगळे याडी, म्हणजे आई, म्हणायचे आणि आम्हीही म्हणायचो. याडीला घरची गोरबोली, बाजारची मराठी आणि ठेकेदाराची हिंदी येत होती. चौथी भाषा म्हणजे तिला चौथी सून आल्यासारखी वाटली, एवढं काय त्यात! तिचा उच्चार आजापेक्षा चांगला होता. ‘ते जातात’ बायजाला दिलं, कारण तिच्या पाठीला पोर बांधलेलं असायचं आणि ती एकटीच दोघं होती.

मग ते शेत बोलू लागलं. मी पहिलं बोंड ओढून म्हणायची, "ज व्हे." शेजारून शांता, "त्यु व्हा." मग काशीमावशी कपाळाला आठी घालून, "इल व्हा." मायचं खणखणीत "नू-झालों." याडीचं नाकातलं "व्हू-झाले." आणि टोकावरून बायजा, "इल व्हों," त्यावर तिचं पोर रडायचं. सुरुवातीला बाया हसून हसून वाकायच्या; मग त्याचीच लय लागली, हात भराभर चालू लागले, आणि शेतमालक म्हणाला की हे कोणतं का गाणं असेना, उद्याही म्हणा. धुऱ्याशी पोचलो की टोळी मागे वळायची, आणि येताना टोकावरची बायजा पहिली व्हायची. म्हणून येताना क्रियापद बायजापासून सुरू व्हायचं आणि माझ्यावर संपायचं. "पात फिरली का शब्द फिरला," माय म्हणाली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. जाताना सुलटं, येताना उलटं, असं मी दोन महिने पाठ केलं.

वापर मात्र एकच शिकले, तोही आजाकडून. दुपारी भाकर सोडायचो: ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा, कधी उकडलेल्या तुरीच्या शेंगा. ठेच्यानं जीभ पेटली की पाणी संपलेलं असायचं. मालकाच्या विहिरीवर आम्हाला चढू देत नव्हते. नाल्याच्या वाळूत पाण्यासाठी झिरा खणलेला होता, तिथून घागर भरून आणायची. झिरा लांब, ऊन कडक, कोणी उठायला तयार नसे. मी आजाला विचारलं, पाणी आणायला जाते हे कसं म्हणायचं? हे त्याला झोपेतही आलं असतं. "ज व्हे शेर्शे द लो," तो म्हणाला, "खेचरं बोंबलली का मले हेच तं म्हना लागे." मायनं त्याचा कायदा केला: जिचा नंबर ती उठताना हे म्हणणार. म्हणायचं की लगेच उठायचं, म्हणून बसून राहायचं नाही. आणि पाणी आणणारीनं आधी सगळ्यांना पाजायचं, स्वतः शेवटी प्यायचं, हा तर वेचणीचा जुनाच नियम. दोघी गेल्या तर माय ओरडायची, "नू-झालों शेर्शे द लो!" आणि दुसरीचा हात धरून निघायची. अशा रीतीनं नेरच्या शिवारात एक संबंध हिवाळा पाणी फ्रेंचमध्ये आणलं गेलं. याची कुठे नोंद असेल असं वाटत नाही.

साहेब आले ते बाजाराच्या दिवशी. बाजाराच्या दिवशी वेचणी बंद असते, त्यामुळे आमची टोळी मोकळी होती. माय म्हणाली, "पात एकटीची कशी काढशीन तू?" आणि पाचही जणी पिशव्या घेऊन हेडमास्तरांच्या खोलीच्या खिडकीखाली कडुनिंबाच्या सावलीत येऊन बसल्या. आत टेबलामागे साहेब. किरकोळ अंगाचे, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. कॉलेजात एक वर्ष ते फ्रेंच शिकले होते आणि परीक्षा झाल्यावर विसरले होते, हे त्यांनी आल्या आल्या कबूल करून टाकलं. म्हणून पुस्तक घेऊन आले होते. त्यांच्यासमोर हेडमास्तरांच्या घरून आलेला चिवडा होता. हेडमास्तरीण बाईंच्या हाताला मिरचीचा अंदाज नव्हता, हे साऱ्या शाळेला माहीत होतं, पण साहेब नवीन होते. त्यांचे डोळे पाणावले होते. बाजूला पंडितसर हाताची घडी घालून बसलेले.

"जाणे, हे क्रियापद म्हण," साहेब नाक पुसत म्हणाले. मी उभी राहिले. तोंडातून शब्दच फुटेना. मग मी जरा वाकले, दोन्ही हात पुढे केले, आणि फुटला. ज व्हे, त्यु व्हा, इल व्हा, सगळं बायजापर्यंत घडाघड. साहेब चष्म्यावरून बघत होते. "हे हात काय करतायत?" मी म्हटलं, "कापूस वेचून राह्यले, साहेब." हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. "बरं. पुन्हा एकदा म्हण," साहेब म्हणाले. आता पुन्हा एकदा म्हणजे धुऱ्यावरून परत येणं. मी अंग वळवलं आणि बायजापासून सुरू केलं. इल व्हों, व्हू-झाले, नू-झालों. साहेबांचं बोट पुस्तकात वरच्या ओळीवर थांबलेलं होतं. ते गोंधळून खाली उतरलं, मग एकेक ओळ वर चढू लागलं. "अरे, बरोबर आहे," ते पुटपुटले, "पण खालून आहे." पंडितसर हसले. "पाठांतर आहे, साहेब. ज्ञान नाही. उलटं काय, सुलटं काय, तिला सारखंच."

आणि ते चूक बोलत नव्हते, हीच तर माझी पंचाईत होती. मला घाटंजीच्या टपरीतली गुळाची ढेप दिसू लागली, तिच्यावरच्या माशांसकट. साहेबांनी पुस्तक मिटलं. "खरं आहे. पाठ तर पोपटही करतो. मुली, हे क्रियापद वापरून दाखव. एक वाक्य पुरे."

माझ्याजवळ एकच तर वाक्य होतं. "ज व्हे शेर्शे द लो," मी म्हटलं. आणि ते म्हणून उभं राहणं मला येतच नव्हतं. दोन महिने जे वाक्य म्हटल्याबरोबर पाय उचलायचे, ते म्हटल्यावर पाय उचलले. खोलीच्या कोपऱ्यात रांजण होता. लाकडी झाकण, वर उपडा ठेवलेला पितळी पेला. पाच वर्षं मी त्या शाळेत होते आणि त्या रांजणाला हात लावला नव्हता. आम्हाला तहान लागली की व्हरांड्यात ओंजळ धरून बसायचं आणि चपराशी ओगराळ्यानं वरून पाणी सोडायचा, निम्मं ओंजळीत, निम्मं फ्रॉकवर. मी झाकण उचललं. दारातल्या चपराश्याच्या घशातून एक आवाज निघाला, पण साहेबांची परीक्षा चालू होती, मध्ये बोलायची छाती कोणाची? मी पेला बुडवला आणि भरून घेतला. मनगटाला गार पाणी लागलं. तेव्हा कुठे मला कळलं की मी काय केलं आहे. पण आणलेलं पाणी आधी दुसऱ्याला पाजायचं, हेही हाडात मुरलेलं. मी तशीच चालत टेबलापाशी आले आणि पेला साहेबांपुढे धरला.

बाहेर बाजाराचा गलका चालला होता. पंडितसर खाकरले. साहेबांनी पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग पेला घेतला आणि घटाघट सगळा पिऊन टाकला. तोंड पुसून म्हणाले, "मेर्सी." ते तत्त्वासाठी प्याले की चिवड्यामुळे, यावर मी साठ वर्षं विचार केला आहे. तत्त्वासाठी असतं तर ते थोडं सावकाश प्याले असते असं मला वाटतं. पण प्याले. आता त्याचा काथ्याकूट करण्यात अर्थ नाही.

"एकवचन झालं," साहेबांचा आवाज मोकळा झाला होता. "आता अनेकवचन. आम्ही जातो." मी तोंड उघडलं आणि मिटलं. ‘आम्ही जातो’ ही मायची पात होती. मला येत नव्हतं असं नाही, पण एकटीनं मायच्या पातीत हात घालायला जीभ वळेना. मी खिडकीकडे बघितलं. माय उभीच होती, गजांना धरून. तिनं आपला शब्द ऐकला होता आणि मुकादमीण कधी गप्प बसत नाही. "नू-झालों शेर्शे द लो!" ती शेतात ओरडायची तशी ओरडली, आणि म्हटलं की निघायचं, या तिच्याच कायद्यानं निघाली. तिच्यामागे बाकीच्याही. हेडमास्तर उठून दाराकडे धावले, "बाई, अहो बाई, कुठे? तपासणी चालू आहे!" साहेब म्हणाले, "येऊ द्या. अनेकवचन आहे."

पाचही जणी पिशव्यांसकट आत आल्या आणि सवयीनं ओळीत लागल्या. मी टोकाला जाऊन उभी राहिले. साहेबांनी पेन्सिल काढली. एकेकीकडे पेन्सिल करायचे, ती आपला शब्द म्हणायची, रांजणाशी जायची, पेला भरून पुढचीला द्यायची. काशीमावशी "इल व्हा" म्हणाली आणि वर मराठीत पुस्ती जोडली, "पन येत नाई." बायजाच्या पोरानं पेल्यातलं पाणी हेडमास्तरांच्या रजिस्टरवर सांडलं. साहेब मोठ्यानं हसत होते. पेन्सिल पुस्तकात कोणत्या ओळीवर आहे याचं त्यांना भान नव्हतं. शेवटचा पेला याडीच्या हातात होता. तिनं खोलीत कोण प्यायचं राहिलं ते बघितलं आणि पंडितसरांपुढे पेला धरला. "व्हू-झाले, गुर्जी?" पंडितसर म्हणाले, "मला तहान नाही." त्यांचे ओठ सुकलेले होते, सगळ्यांना दिसत होते. मला वाटलं होतं की अशा वेळी मला त्यांचा राग येईल. आला नाही. कीव आली. आणि त्यांची कीव येणं मला इतकं आवडलं की मला माझीच थोडी लाज वाटली. याडीनं खांदे उडवले आणि तो पेला माझ्या हातात दिला. पाणी आणणारीनं शेवटी प्यायचं. मी प्यायले.

साहेबांनी फॉर्म मागवला, दुसऱ्या भाषेच्या रकान्यात स्वतःच्या हातानं ‘फ्रेंच’ लिहिलं आणि सही केली. हेडमास्तरांनी चपराश्याला रांजण भरायला सांगितलं. त्यानं तो धुतला का, हे मी बघितलं नाही. मी बघायचंच नाही असं ठरवलं होतं. पुढे मॅट्रिकला फ्रेंचमध्ये मी जेमतेम पास झाले, कारण तिथे सरळ क्रियापदंही विचारली होती. त्यानंतर त्या भाषेचा नि माझा संबंध उरला नाही. परवा नातीनं तिच्या मोबाईलमधल्या फ्रेंच बोलणाऱ्या बाईपुढे मला बसवलं. मी ‘ज व्हे’ म्हटलं. ती बाई म्हणाली, पुन्हा प्रयत्न करा. मी नातीला म्हटलं, तिला सांग, तू कधी खेचरं हाकली आहेस का म्हणावं.

पण त्या दिवसाचं सांगत होते. आम्ही घरी पोचलो तेव्हा गल्लीत बातमी आधीच पोचली होती. जिनाचा भोंगा झाला, बाबा आले, फॉर्मबद्दल ऐकलं. मग न्हाणीत जाऊन फार वेळ तोंड धूत राहिले. मायनं बाजारातून आणलेली वांगी चुलीत भाजायला टाकली. लढाईआजा कोट घालून दारात खाटेवर बसला होता. त्यानं मला खुणेनं बोलावलं, शेजारी बसवलं आणि सगळं सविस्तर ऐकून घेतलं. झाकण कसं उचललं, पेला कोणत्या हातानं बुडवला, तेही. फॉर्मबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही. सगळं सांगून झाल्यावर आमचा नेहमीचा प्रश्न यावेळी त्यानं मला विचारला.

"पानी कसं होतं वं पोरी?"

साखर म्हणावं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याच्याशी खोटं बोलवेना. "मचूळ होतं, आजा," मी म्हटलं. "रांजण बहुतेक आठ दिवस धुतला नव्हता."

आजानं मान हलवली. मग दारात दुसरं कोणी नाही असं बघून घेतलं, तंबाखूची चिमूट ओठात ठेवली आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "तिथलंबी मचूळच होतं. कोनाले सांगू नोको."